क्रमांक फलकावर, प्रतिष्ठा वॉर्डात

राष्ट्रीय क्रमवारी जाहीर झाली, की खासगी अभिमत वैद्यकीय विद्यापीठांचे फलक चौकाचौकांत लागतात. क्रमांक वर गेला असेल तर पानभर जाहिराती, घसरला असेल तर समिती आणि सल्लागार. पालक हे फलक पाहून वर्षाला लाखो रुपयांचे शुल्क भरायला तयार होतात. रुग्णाला मात्र क्रमांकाशी देणेघेणे नसते. त्याचा प्रश्न साधा असतो: तिथे नीट बघतात का? वैद्यकीय विद्यापीठाची शैक्षणिक प्रतिष्ठा शेवटी याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

‘खासगी म्हणजे दर्जा बेताचाच’ हा समज इतिहासाला धरून नाही. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातील १५५ वैद्यकीय महाविद्यालयांचा अहवाल लिहिला. त्यांतली अनेक निव्वळ शुल्कावर चालत. प्रयोगशाळा नावापुरती आणि रुग्णालयाशी संबंध जेमतेम. मात्र फ्लेक्सनर यांनी आदर्श म्हणून जिच्याकडे बोट दाखवले, ती जॉन्स हॉपकिन्सही खासगीच होती. तिथे १८८९ मध्ये आधी रुग्णालय सुरू झाले, वैद्यकीय महाविद्यालय १८९३ मध्ये. विल्यम ऑस्लर यांनी विद्यार्थ्यांना रुग्णाच्या खाटेपाशी नेऊन शिकवले. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे नावही रुग्णसेवेतूनच मोठे झाले.

म्हणून पहिले काम वॉर्ड खऱ्या अर्थाने भरण्याचे. तपासणीच्या दिवशी गजबजलेला आणि पुढच्या आठवड्यात ओस पडलेला वॉर्ड कोणालाच काही शिकवत नाही. न्यूमोनियाच्या रुग्णाची छाती स्टेथोस्कोपने ऐकल्याशिवाय ती ओळखता येत नाही. पुतळ्यावरचा सराव ही फक्त पूर्वतयारी. ‘सरकारी अनुदान मिळत नाही, मग मोफत उपचार कसे परवडणार?’ हा संस्थाचालकांचा सवाल गैर नाही. पण जनरल वॉर्ड हीच वैद्यकशास्त्राची प्रयोगशाळा आहे. तिथल्या स्वस्त उपचारांवरचा खर्च हा धर्मादाय नव्हे, शिक्षणाचा खर्च म्हणून धरायला हवा. शुल्क त्यासाठीच तर घेतले जाते.

दुसरे काम संशोधनाचे. ‘एनआयआरएफ’ क्रमवारीत शंभरपैकी ३० गुण संशोधन आणि व्यावसायिक कार्याला आहेत. त्यामुळे शोधनिबंधांची संख्या वाढवण्याची घाई सुटते. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके, नावापुरते सहलेखक, एकमेकांचे संदर्भ देण्याचे साटेलोटे हे सगळे या घाईतूनच येते. असा निबंध मागे घ्यावा लागला, की वर्षानुवर्षांची पत एका दिवसात जाते.

याउलट महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर पाहा. कोकणात विंचूदंशाने माणसे दगावत होती. ग्रामीण भागात सरकारी नोकरी करताना त्यांनी रुग्णांची बारकाईने नोंद ठेवली, प्राझोसिन हे औषध वापरून पाहिले आणि निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आणले. ना मोठे विद्यापीठ पाठीशी, ना कोट्यवधींची यंत्रे. प्रश्न आपल्या मातीतला होता आणि नोंदी प्रामाणिक होत्या.

विद्यापीठांकडे तर याहून मोठे मनुष्यबळ आहे. प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. आज दरवर्षी नवा विषय, थोडे रुग्ण आणि शेवटी कपाटातली धूळ असा त्याचा प्रवास होतो. त्याऐवजी एका विभागाने आपल्या परिसरातला एकच प्रश्न, म्हणजे सर्पदंश, सिकलसेल किंवा क्षयरोग, दहा वर्षांसाठी धरावा. प्रत्येक तुकडीने आधीच्या नोंदींत भर घालावी. औषध उपयोगी पडले नाही, हा निष्कर्षही तितक्याच मोकळेपणाने छापावा. मग विषयाचे नाव निघाले, की विद्यापीठाचे नाव आपोआप निघेल.

तिसरे काम सर्वांत अवघड. आपल्या रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर किती जणांना जंतुसंसर्ग होतो, अतिदक्षता विभागात किती रुग्ण दगावतात, किती अध्यापक पूर्णवेळ आहेत, हे आकडे दरवर्षी स्वतःहून जाहीर करावेत. पहिल्या वर्षी ते बोचतील. अत्यवस्थ रुग्ण घेणाऱ्या रुग्णालयाचे आकडे वाईट दिसतील, म्हणून रुग्ण किती गंभीर होते तेही सोबत सांगावे. पण रुग्णाच्या तापाचा तक्ता लपवून कोणी त्याला बरे करत नाही. संस्थेचेही तसेच आहे.

हे सगळे एका वर्षात साधणारे नाही. फलक मात्र आठवड्यात लागतो. म्हणून संस्थाचालकांनी स्वतःला एकच कसोटी लावावी. घरातले माणूस आजारी पडले, तर ते त्याला आपल्याच विद्यापीठाच्या जनरल वॉर्डात, आपल्याच माजी विद्यार्थ्याच्या हाती सोपवतील का? उत्तर ‘हो’ असेल, तर क्रमांक मागून येईल. ‘नाही’ असेल, तर सुधारणा कुठून सुरू करायची, हे शोधायला सल्लागार नेमण्याची गरज नाही.