पीएच.डी.ला दूरशिक्षण वर्ज्य. अंतर मात्र कायम

घाटनांदूर (ता. अंबाजोगाई, जि. बीड) : नोकरी न सोडता आणि गावातच राहून पीएच.डी. पूर्ण करता येईल का, हा प्रश्न मराठवाड्यातील छोट्या गावांत शिकविणाऱ्या अध्यापकांना नवा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे त्यावरील उत्तरही जुनेच आहे. दूरशिक्षण पद्धतीने एम.फिल. किंवा पीएच.डी. देता येणार नाही, असे आयोगाने २००९च्या नियमावलीत बजावले, २०१६ मध्ये त्याचा पुनरुच्चार केला आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झालेल्या नियमावलीत ऑनलाइन पद्धतही त्याच पंक्तीला बसविली. एम.फिल. ही पदवी तर या नियमावलीने बंदच केली. परदेशी संस्थांशी करार करून शिक्षण-तंत्रज्ञान कंपन्या देऊ करीत असलेली ऑनलाइन पीएच.डी. मान्य नाही, असा इशारा आयोग व अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद यांनी त्याच्या काही दिवस आधी, ऑक्टोबर २०२२ मध्ये दिला होता.

नियम इतका स्पष्ट असताना वाद कसला, असे कोणी विचारील. वाद नियमाच्या अक्षरांविषयी नाही. घाटनांदूरसारख्या गावातून पाहिले तर हा नियम अंतर मिटवीत नाही, केवळ त्याचे नाव बदलतो. 'दूरशिक्षण' हा शब्द गेला आणि 'अंशकालीन' हा शब्द आला. संशोधक जेथे होता तेथेच आहे आणि विद्यापीठही.

बंदीमागे कारणे होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. जून २००६ मध्ये आयोगाने एम.फिल. झालेल्यांना पदवी वर्गांसाठी आणि पीएच.डी. झालेल्यांना पदव्युत्तर वर्गांसाठी नेट परीक्षेतून सूट दिली. मग दूरशिक्षणाने एम.फिल. देणाऱ्या परराज्यांतील विद्यापीठांकडे रीघ लागली. मार्गदर्शकाचे तोंड न पाहता प्रबंधिका तयार होऊ लागल्या. जुलै २००९ मध्ये आयोगाने एकाच वेळी दोन्ही दारे लावून घेतली. दूरशिक्षणातील संशोधन पदव्या थांबविल्या आणि नेटमधील सूट नव्या नियमावलीप्रमाणे पीएच.डी. मिळविणाऱ्यांपुरती ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये पी. सुशीला प्रकरणात ही तरतूद उचलून धरली.

तथापि, या औषधाने रोग कितपत हटला? जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने राजस्थानातील ओपीजेएस, सनराइज आणि सिंघानिया या तीन खासगी विद्यापीठांना पीएच.डी.च्या नियमांचे पालन न केल्याबद्दल पुढील पाच वर्षे नवे संशोधक घेण्यास मनाई केली. यांपैकी एकही मुक्त विद्यापीठ नव्हे. पदव्यांचा बाजार दूरशिक्षणाच्या आडोशानेच चालतो, हे गृहीतक यामुळे लंगडे पडते. नियमित पद्धतीची पाटी लावूनही नियम धाब्यावर बसविता येतात.

आता घाटनांदूरचा भूगोल पाहू. विकाराबाद-परळी लोहमार्गावरील हे स्थानक. जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या बीड शहराला रेल्वे पाहण्यासाठी सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. घाटनांदूरकरांच्या दारात ती निजामाच्या काळापासून आहे. गावात वसुंधरा महाविद्यालय आहे आणि ते छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहे. हे विद्यापीठ रस्त्याने दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर. रेल्वेने जायचे तर परळी, गंगाखेड, परभणी, जालना असा मोठा वळसा. त्यामानाने लातूर अगदी जवळ आणि नांदेडही संभाजीनगरपेक्षा जवळच. पण सप्टेंबर १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले तेव्हा लातूर जिल्हा तिकडे गेला आणि बीड जुन्याच विद्यापीठाकडे राहिला. लोहमार्ग लातूरकडे जातो, फाईल मात्र संभाजीनगरकडे.

२०२२च्या नियमावलीने अंशकालीन पीएच.डी.ला मोकळीक दिली आहे, परंतु अटींसह. नोकरी करणाऱ्या उमेदवाराने नियोक्त्याचे ना-हरकत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याला संशोधनासाठी पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी कार्यमुक्त केले जाईल, असे त्यात नमूद करायचे असते. कायम अध्यापकाला संस्थाचालक हे पत्र देतीलही. पण ग्रामीण महाविद्यालयांचा गाडा आज मोठ्या प्रमाणावर तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या खांद्यावर आहे. त्यांची नेमणूक शैक्षणिक वर्षापुरती. ज्या संस्थेने पुढच्या वर्षीचीच हमी दिलेली नाही, ती सहा वर्षांच्या संशोधनासाठी वेळ देण्याची हमी कशी देणार? नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हा अध्यापक असावा, असे वाटत नाही.

आणि गरज तर त्यालाच सर्वाधिक आहे. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी पीएच.डी. सक्तीची राहिलेली नाही. नेट किंवा सेट पुरते. मात्र महाविद्यालयात सहयोगी प्राध्यापक व्हायचे किंवा प्राचार्यपदासाठी अर्ज करायचा तर पीएच.डी. हवीच. म्हणजे नोकरीत शिरताना नको, पुढे सरकताना हवी. साहजिकच ही पदवी नोकरीच्या काळात, गावी राहून, सुट्ट्यांचे तुकडे जोडून मिळवावी लागते. व्यवस्थेनेच अंतरावरून संशोधन करणारा वर्ग निर्माण केला आणि तो अस्तित्वातच नाही, असे नियमांत लिहिले.

या संदर्भात ज्यांचे नाव हे विद्यापीठ १४ जानेवारी १९९४ पासून धारण करते, त्या डॉ. आंबेडकरांच्या दोन डॉक्टरेटचा इतिहास आठवण्याजोगा आहे. कोलंबिया विद्यापीठातील शिक्षण आटोपून त्यांनी १९१६ मध्ये अमेरिका सोडली, तेथील पीएच.डी. प्रत्यक्ष मिळाली ती १९२७ मध्ये, प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये लंडनला छापून झाल्यावर. लंडनची कथा अधिक बोलकी. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन काम पुरे करण्याची मुभा दिली. १९२० मध्ये ते परत गेले. रुपयाच्या प्रश्नावरील डी.एस्सी.चा प्रबंध सादर झाला, परंतु मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो सुधारून मागितला. हाताशी पैसा उरला नव्हता. ते एप्रिलमध्ये मुंबईला परतले, येथेच प्रबंधाची फेरमांडणी केली आणि ऑगस्टमध्ये तो लंडनला पाठविला. नोव्हेंबर १९२३ मध्ये तो स्वीकारला गेला.

प्रबंधाचा अखेरचा टप्पा अशा रीतीने समुद्रापलीकडून पुरा झाला. त्यामुळे पदवीचे मोल कमी झाले, असे म्हणण्यास कोणी धजावणार नाही. मात्र याचा अर्थ दूर बसून काहीही चालते, असाही नव्हे. त्याआधी लंडनच्या ग्रंथालयांत त्यांची वर्षे गेली होती, एडविन कॅनन यांच्यासारखा मार्गदर्शक होता आणि परीक्षक इतके काटेकोर होते की त्यांनी प्रबंध एकदा परत केला. संशोधक कोठे बसला होता, याला त्या व्यवस्थेत दुय्यम महत्त्व होते. तो काय वाचतो, त्याचे लिखाण कोण वाचतो आणि ते परत करण्याची हिंमत कोणात आहे, यावर सारे अवलंबून होते.

आजच्या नियमावलीतही बरेच काही दुरून चालते, ही गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. किमान १२ श्रेयांकांच्या अभ्यासक्रमात संशोधन सल्लागार समिती मान्यताप्राप्त ऑनलाइन पाठ्यक्रम सुचवू शकते. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, मौखिक परीक्षा दूरदृश्य पद्धतीने घेण्याची सूचना आयोगानेच केली होती. स्वीकृत प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर ठेवले जातात. ते घाटनांदूरला बसून वाचता येतात. वाङ्मयचौर्य संगणकप्रणाली तपासते. राहता राहिले मार्गदर्शन. नेमकी तीच गोष्ट समोरासमोर व्हावी, असा नियमाचा हेतू दिसतो आणि तो रास्तही आहे. दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडण्याची अट त्यासाठीच आहे. परंतु वर्षातून दोनदा दोनशे किलोमीटर जाऊन दहा-वीस मिनिटांचे सादरीकरण करून परतणे, याला सहवास म्हणायचे का?

मार्गदर्शकांची टंचाई हा याहून कठीण मुद्दा. नियमानुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नवा संशोधक घेता येत नाही. राज्यात अनुदानित महाविद्यालयांतील भरती वर्षानुवर्षे रेंगाळल्यामुळे जुने मार्गदर्शक निवृत्तीकडे झुकले आहेत आणि नवे पुरेसे तयार झालेले नाहीत. जो मिळेल तो मार्गदर्शक आणि त्याला जमेल तो विषय, अशी तडजोड मग होते. प्रबंध लिहून देणाऱ्यांचा धंदा याच फटीतून आत येतो.

वास्तविक, या परिसरात संशोधनाला विषयांची वाण नाही. अंबाजोगाईत दासोपंतांची कापडावर लिहिलेली पासोडी आहे; मुकुंदराजांची समाधी मानले जाणारे स्थान तेथेच. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी घरे बंद करून निघणारी कुटुंबे जिल्ह्याच्या गावोगावी आहेत. त्यांच्या मुलांच्या शाळा, आरोग्य, उचल, मुकादमी यांचा अभ्यास विद्यापीठाच्या आवारात बसून होणारा नाही. अशा विषयांसाठी संशोधकाने गावी असणे ही उणीव ठरत नाही. काम तेथेच करायचे असते. नियमावलीत या फरकाला जागा नाही.

जागा करता येणारच नाही, असे मात्र नाही. अन्य संस्थेतील सहमार्गदर्शक घेण्याची तरतूद २०२२च्या नियमावलीत आहे. लातूर-नांदेडच्या अध्यापकांना घाटनांदूर, परळी, अंबाजोगाईच्या संशोधकांसाठी या वाटेने जोडून घेता येईल, कारण विद्यापीठांची हद्द प्रशासनासाठी आखलेली आहे, ज्ञानासाठी नाही. पदव्युत्तर वर्ग असलेल्या महाविद्यालयांत संशोधन केंद्रे देण्याचीही सोय आहे. तेथे ग्रंथालय खरोखर आहे की कपाटापुरते, हे विद्यापीठाने तपासले म्हणजे झाले. तासिका अध्यापकांच्या ना-हरकत प्रमाणपत्राचा प्रश्न महाविद्यालयाच्या पातळीवर सुटणारा नाही. त्यासाठी आयोगाने किंवा राज्य शासनाने स्वतंत्र खुलासा करावा लागेल.

प्रवेशाची वाटही दरम्यान बदलली आहे. विद्यापीठांनी २०२४-२५ पासून नेटच्या गुणांच्या आधारे पीएच.डी.चे प्रवेश द्यावेत, असे आयोगाने मार्च २०२४ मध्ये जाहीर केले. शिष्यवृत्तीस पात्र न ठरलेल्यांसाठी नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के महत्त्व. हे गुण वर्षभरच ग्राह्य. वर्षभरात मार्गदर्शक सापडला नाही तर परीक्षा पुन्हा. जवळपास मार्गदर्शक नसलेल्या गावातील उमेदवाराला हे वर्ष शहरातल्या उमेदवारापेक्षा लहान पडते.

मुदतीचे गणित सर्वांना सारखे आहे. किमान तीन वर्षे, कमाल सहा, फेरनोंदणी करून आणखी दोन. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यापुढे दोन वर्षांची सवलत. नव्या नियमावलीखाली सर्वांत आधी नोंदणी केलेल्यांची सहा वर्षे २०२८च्या अखेरीपासून भरू लागतील.