पंप ओढत नाही, हवा ढकलते

उन्हाळा लागला की नांदेड-लातूर भागातील शेतकऱ्याला विहिरीवरची मोटार खाली उतरवावी लागते. पाणी खोल गेले की काठावरचा पंप कितीही अश्वशक्तीचा असो, पाणी उचलत नाही. कारण साधे आहे. पंप पाणी ओढतच नाही. तो फक्त पाइपातली हवा कमी करतो. विहिरीतल्या पाण्यावर बाहेरच्या हवेचा जो दाब असतो, तो पाणी पाइपात वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब पाऱ्याच्या 760 मिलिमीटर, म्हणजे पाण्याच्या सुमारे 10.3 मीटर उंचीएवढा असतो. लातूर सुमारे 630 मीटर उंचावर असल्याने तिथे ही मर्यादा साडेनऊ मीटरच्या आसपास येते. पाइपातले घर्षण आणि गळती धरली तर प्रत्यक्षात त्याहूनही कमी. पाण्यात सोडलेली पाणबुडी मोटार मात्र खालून पाणी ढकलते, म्हणून तिला ही अट नाही.

घरातला व्हॅक्यूम क्लीनरही याच नियमाने चालतो. त्यातला पंखा हवा मागे फेकतो, आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा धूळ घेऊन आत शिरते. इथे काम वाहत्या हवेचे असते. म्हणूनच पिशवी भरली किंवा गाळणी तुंबली की मोटारीचा आवाज येतच राहतो, पण कचरा जागचा हलत नाही.

आवाज आहे पण काम नाही, हा प्रकार घरात गैरसोयीचा असतो. रुग्णालयात तो जिवावर बेतू शकतो. तिथल्या सक्शन मशीनमध्ये असाच एक निर्वात पंप असतो. फवारणीच्या औषधाची विषबाधा झाली, मण्यार चावून गिळण्याची शक्ती गेली किंवा बेशुद्ध रुग्णाला उलटी झाली, तर घशात साठलेला स्राव याच यंत्राने काढतात. श्वासमार्ग बंद झाला की हातात मोजकी मिनिटे असतात. त्या वेळी बरणीचे झाकण सैल असेल, रबरी वॉशर चिरलेला असेल किंवा नळीला बारीक भोक असेल, तर हवा तिथूनच आत येते. काचेची बरणी, चकचकीत डबा, गुरगुरणारी मोटार सगळे जागेवर असते. फक्त दाब नसतो.

ही चूक ओळखायला तंत्रज्ञ लागत नाही. यंत्र सुरू करून नळीचे तोंड अंगठ्याने दाबावे. काटा झपाट्याने वर गेला आणि टिकला, तर यंत्र ठीक. रेंगाळला, तर गळती. एवढ्या तपासणीला अर्धा मिनिटही लागत नाही.

दाब जास्त असणेही चांगले नव्हे. मोठ्या माणसासाठी साधारण 100 ते 150 मिलिमीटर पुरतो. नवजात बाळासाठी 80 ते 100. त्यापुढे नाजूक अस्तर सोलवटते, आणि घशात खोलवर नळी घातली तर बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावू शकतात. जन्मताच रडणाऱ्या बाळाला सक्शनची गरजच नसते. ‘अजून थोडे ओढा’ म्हणणाऱ्या नातेवाइकांनीही हे लक्षात घ्यावे.

प्रत्येक आरोग्य केंद्रात, प्रसूतिगृहात आणि रुग्णवाहिकेत दर पाळीला ही अंगठ्याची चाचणी व्हावी, तिची नोंद वहीत राहावी आणि ती कोणी करायची हे ठरलेले असावे. वीज गेली तर पायाने चालणारे सक्शन हाताशी हवे. नवे यंत्र आले की त्याची बातमी होते. जुन्या यंत्राचा वॉशर वेळेवर बदलला तर होत नाही. घुसमटलेल्या रुग्णाचा श्वास मात्र त्या वॉशरवर अवलंबून असतो.