कुत्र्याला अंगण कशाला हवं?

परवा आत्या आली होती. चहा झाला, सगळ्यांच्या तब्येतीच्या चौकश्या झाल्या आणि मग तिची नजर टीपॉयखाली पसरलेल्या खारीकडे गेली. "बिचारीला कोंडून ठेवलंयत गं तुम्ही. कुत्र्याला कसं, अंगण पाहिजे!"

हे वाक्य मी गेली ११ वर्षं ऐकतेय. शेजारी म्हणतात, ऑफिसातले म्हणतात, ज्यांनी आयुष्यात गोल्डफिशसुद्धा पाळला नाही तेही म्हणतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, खारी म्हणजे आमची कुत्री. जातिवंत गावठी! रंग थेट बेकरीतल्या खारीचा, म्हणून हे नाव. सोसायटीमागच्या बांधकामावर सापडली तेव्हा दोनेक महिन्यांची होती, अंगभर गोचिडी. आमचा कोथरूडातला फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, आणि बाल्कनी एक खुर्ची ठेवली की संपते. एवढीच काय ती इस्टेट.

आत्याला मी काही बोलले नाही. (आत्याशी वाद घालून जिंकेल असा माणूस आमच्या घराण्यात अजून जन्मायचाय.) पण मला मोत्या आठवला.

वाईजवळच्या आमच्या गावच्या घरी मोत्या होता. अंगण केवढं मोठं! आंब्याचं झाड, गोठा, तुळशीवृंदावन, सगळं होतं. मोत्या मात्र गोठ्याजवळच्या खुंटाला दिवसभर साखळीने बांधलेला. रात्री राखणीला सोडायचे. उरलेली भाकरी ताकात कुस्करून मिळायची. खुंटाभोवती फिरून फिरून त्याने जमिनीवर एक गोल पाडला होता, पावसाळ्यातही तिथे गवत उगवायचं नाही. ओटीवर पाय ठेवला तर ओरडा बसायचा. त्याला फिरायला न्यायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नसतं. अंगण होतं ना!

मी घरच्यांना दोष देत नाहीये. बैल तसा मोत्या, प्रत्येकाचं काम ठरलेलं. पण एवढ्या अंगणातलं त्याच्या वाट्याला आलं किती, तर साखळीभर.

गंमत म्हणजे आपल्या कायद्याला हे कळलेलं आहे. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याचं ११ वं कलम वाचा. कायम साखळीला बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हीसुद्धा क्रूरताच, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. आता बोला!

फ्लॅटचं बरं असं की तिथे टाळाटाळ चालत नाही. अंगण नाही, म्हणजे खाली न्यावंच लागतं. सकाळी सहा, दुपारी एक, संध्याकाळी सहा आणि रात्री साडेनऊ. ताप असो, पाहुणे असोत, जुलैचा पाऊस आडवा येत असो. एका हातात पट्टा, दुसऱ्यात छत्री, आणि घाण उचलायचा कागद दातात धरायचा तेवढा बाकी! रविवारी वेताळ टेकडी. एकेका दगडाचा वास ती असा घेते, जसे बाबा पेपर वाचायचे, छोट्या जाहिरातींसकट. उरलेला सगळा वेळ ती आमच्यात असते. कोणी भांडलं तर मध्ये येऊन बसते, कुकरची तिसरी शिट्टी झाली की ओट्याशी हजर. मोत्याला आमचं स्वयंपाकघर आतून कसं दिसतं हे कधी कळलंच नाही.

आणि माझं म्हणाल तर, खारी यायच्या आधी मी इथे सहा वर्षं राहत होते आणि मला ओळखत होता फक्त वॉचमन. आता सकाळी कोपऱ्यावर पेपर लावणारी मुलंसुद्धा "खारीच्या मम्मी" म्हणून हाक मारतात. (ऐकायला कसंतरीच वाटायचं, सवय झाली.)

आता, आत्या चूक आहे असं सरसकट म्हणवत नाही. बी विंगमध्ये एक लॅब्राडोर आहे. घरचे सकाळी नऊला जातात ते रात्री आठला येतात, आणि दुपारभर त्याचं रडणं डक्टमधून ऐकू येतं. पुण्याच्या एप्रिलात एसीखाली झोपवलेला हस्कीही पाहिलाय मी, फोटोत छान दिसतो. रोजचे दोन तास देता येत नसतील तर कुत्रा आणू नये, फ्लॅट असो नाहीतर बंगला. माझं एवढंच म्हणणं आहे की मोजायचेच तर चौरस फूट मोजू नका, तास मोजा.

सोसायटीचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. पहिल्याच वर्षी लिफ्टमध्ये पाटी लागली, "कुत्र्यांना मनाई". मी पेटलेच! भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांचे प्रिंटआउट काढले (सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही) आणि मीटिंगमध्ये वाटले. पुढे २०२१ साली केरळ उच्च न्यायालयानेही असंच सांगितलं, पण आमची पाटी त्याच्या कितीतरी आधी उतरली होती. जिंकले म्हणून घरी येऊन श्रीखंड खाल्लं.

मग कित्येक महिने पहिल्या मजल्यावरच्या काकू माझ्याशी बोलेनात. एकदा वीज गेली, जिन्यात दोघीच होतो, तेव्हा त्यांनी सांगितलं. लहानपणी कुत्रा चावला होता. पोटातली चौदा इंजेक्शनं घेतली होती त्यांनी, आठ वर्षांच्या असताना. मीटिंगमध्ये एवढ्या बायाबापड्यांसमोर हे सांगायची लाज वाटली त्यांना. आणि मी त्यांच्या हातात प्रिंटआउट ठेवला होता. अजून आठवलं की कान गरम होतात. हक्क माझा होताच, आजही आहे. पण लिफ्टमध्ये कोणी असेल तर तेव्हापासून आम्ही दोघी बाहेर थांबतो. कोणी या म्हटलं तरच आत.

काकूंना खारी आवडायला लागली वगैरे काही झालं नाही हं. त्या आजही घाबरतात.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण म्हणजे लिफ्ट बंद आहे. जुनी काढून नवी बसवतायत, तीन आठवडे तरी लागणार. खारीचे मागचे पाय गेल्या वर्षापासून धरलेत. ५१ पायऱ्या, दिवसातून चार वेळा. उतरताना १८ किलो उचलून घ्यायचे, चढताना जमेल तेवढं तिने चढायचं आणि मग माझी पाठ. काल दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती बसलीच. माझ्याकडे बघेना, भिंतीकडे बघत राहिली. त्या क्षणी मला अंगण हवं होतं. अगदी आत्याला हवं तसं, तुळशीवृंदावनासकट. फोन करून सांगावं का तिला, "तुझं बरोबर होतं"? नाही केला. (एवढ्यात नाही.)

परत उतरताना काकूंचं सेफ्टी डोअर नेहमीसारखं बंद होतं. जाळीमागून आवाज आला, "आज किती चढली?"

"दीड मजला."

"काल एकच होता ना?"

म्हणजे मोजतायत! आतून वाटीभर तूप-भात देऊ का असंही विचारलं, वाटी दाराबाहेर ठेवून दार परत लावून घेतलं. खारीने वाटी चाटून पुसून लख्ख केली.

चला, साडेनऊ वाजले. दाराशी उभी आहे, शेपूट चपलांच्या रॅकवर आपटतेय. पाठीला पट्टा बांधते आणि निघते.