मुलाच्या ताब्याच्या अर्जालाही मुदत हवी

बांध कोरला म्हणून एका भावाने दुसऱ्याविरुद्ध एकतर्फी मनाई हुकूम मिळवला, तर दिवाणी प्रक्रिया संहिता न्यायाधीशांनाही मोकळे सोडत नाही. समोरच्याला न ऐकता हुकूम दिला असेल, तर तो अर्ज ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करा. जमले नाही तर का जमले नाही ते लिहून ठेवा, असे ती बजावते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ मध्येही २००१ साली अशी एक मुदत घातली गेली. घटस्फोटाचा दावा चालू असताना मुलांच्या पालनपोषणाच्या आणि शिक्षणाच्या खर्चाचा अर्ज, समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो ६० दिवसांत संपवावा, असे ते कलम सांगते. दावा संपेपर्यंत मूल कोणाकडे राहील, हेही न्यायालय याच कलमाखाली ठरवते. त्या अर्जाला मात्र मुदत नाही. जमिनीला आहे, पैशाला आहे, मुलाला नाही.

ही उणीव किरकोळ नाही. मुलाच्या ताब्याचा खरा निकाल बहुतेक वेळा अंतिम निकालपत्रात लागतच नाही. तो पहिल्या काही आठवड्यांत लागतो, तोही न्यायालयाच्या बाहेर. भांडण विकोपाला जाते आणि आई मुलाला घेऊन माहेरी येते. किंवा वडील शाळा सुटायच्या आधीच येऊन मुलाला नेतात आणि गावी आजी-आजोबांकडे ठेवतात. एकटा पडलेला पालक वकील गाठतो, अंतरिम ताब्याचा अर्ज दाखल होतो आणि तारखा सुरू होतात. पहिल्या तारखेला नोटीस बजावलेली नसते. पत्त्यावर कोणी आढळले नाही, असा बेलिफाचा शेरा असतो. पुढच्या तारखेला समोरचे वकील हजर होतात आणि ‘से’ म्हणजे लेखी म्हणणे दाखल करायला मुदत मागतात. मग प्रकरण समुपदेशकांकडे जाते. मग न्यायाधीशांची बदली, मे महिन्याची सुट्टी, दावा दुसऱ्या शहरात वर्ग करण्याचा अर्ज. दरम्यान जूनमध्ये मुलाचे नाव नव्या शाळेत घातलेले असते, नवे मित्र झालेले असतात, नव्या घराच्या सवयी अंगवळणी पडलेल्या असतात. अर्जावर युक्तिवाद होतो तोवर मूळ प्रश्न मागे पडतो आणि नवाच उभा राहतो: रुळलेल्या मुलाला आता हलवायचे कशाला?

हा प्रश्न चुकीचा नाही. मुलाचे हित सर्वोच्च मानायचे, हे १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचे तत्त्वच आहे आणि स्थैर्य हा त्या हिताचा मोठा भाग आहे. पण मग ज्याने मूल आधी उचलून नेले आणि नंतर तारखा लांबवल्या, त्याच्याच पारड्यात हे स्थैर्य पडते. न्यायालयाने मुद्दाम तसे केलेले नसते. ‘जैसे थे’ ठेवण्याकडे त्याचा कल असतो आणि ‘जैसे थे’ काय असेल हे आधीच कोणीतरी ठरवून ठेवलेले असते.

दिल्लीतल्या एका दाम्पत्याच्या प्रकरणाचा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये निकाल दिला. २०१० मध्ये आई घराबाहेर पडली तेव्हा मुलगी २१ महिन्यांची होती आणि ती वडिलांकडे राहिली. कुटुंब न्यायालयाने वडिलांच्या बाजूने कौल दिला, २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने तो फिरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने आईला ताबा देण्याचे ठरवले तोवर मुलगी आठ वर्षांची झाली होती. तिला वडिलांकडेच राहायचे होते. पण आईच्या सहवासाचा अनुभवच तिला मिळालेला नव्हता, मग तिची पसंती कशाच्या आधारावर धरायची, असा न्यायालयाचा रोख होता. एका पालकाविषयी मुलाचे मन हळूहळू दुरावत नेण्याचा मुद्दाही त्या निकालात आला. निकाल विचारपूर्वक दिलेला होता. तरीही बोलायला शिकण्यापासून दुसरी-तिसरीच्या अभ्यासापर्यंतची सगळी वर्षे तोवर हातातून गेली होती आणि ती कोणत्याही न्यायालयाला परत देता येत नाहीत.

गोव्यातले प्रकरण आपल्या अधिक जवळचे. तिथल्या दिवाणी न्यायालयाने पाच वर्षांखालच्या बाळाचा अंतरिम ताबा आईकडे दिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तो आदेश उलटवला आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यायमूर्ती विक्रमजित सेन यांच्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. इतक्या लहान मुलासाठी आपण योग्य आहोत हे आईने सिद्ध करायचे नाही. आईकडे राहणे मुलाच्या हिताचे नाही असे वडिलांचे म्हणणे असेल तर ते वडिलांनी सिद्ध करायचे, हे त्यात स्पष्ट झाले. पाच वर्षे उलटली की आईचा हक्क आपोआप संपतो, असाही कायद्याचा अर्थ नाही. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट आणखी एक आहे: हा सगळा वाद केवळ अंतरिम आदेशाचा होता. बाळ दावा संपेपर्यंत कोठे राहील, एवढे ठरवायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

तातडीची गरज खरी असते, याबद्दल दुमत नसावे. घरात मारहाण चालू आहे, दारू किंवा अमली पदार्थांचे व्यसन आहे, आजारी मुलाचे औषध बंद पाडले जात आहे, पासपोर्ट काढून मुलाला परदेशी नेण्याची तयारी दिसते आहे, अशा वेळी नोटिशीची वाट पाहणे म्हणजे मुलाला धोक्यात ठेवणे. कायद्याने त्यासाठी दारे उघडी ठेवली आहेत. १८९० चा पालक व पाल्य कायदा कोणत्याही धर्माच्या कुटुंबाला उपलब्ध आहे. मुलाला न्यायालयात हजर करून तात्पुरत्या संरक्षणाचा आदेश त्याखाली देता येतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकारी पीडित स्त्रीकडे मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात, शपथपत्रावर एकतर्फीही देऊ शकतात आणि समोरच्याची भेट मुलाला घातक ठरेल असे दिसले तर ती नाकारूही शकतात. या अर्जाची पहिली तारीख सर्वसाधारणपणे तीन दिवसांच्या आत लागावी, असे कायदाच म्हणतो. म्हणजे मुलाच्या बाबतीत वेळेचे भान ठेवणारी तरतूद कशी लिहायची, हे आपल्या कायदेकर्त्यांना ठाऊक आहे.

अशा अर्जाचे बळ त्याच्या तपशिलात असते. ‘नवरा स्वभावाने तापट आहे’ किंवा ‘बायको बेजबाबदार आहे’ या वाक्यांवर कोणी एकतर्फी आदेश देऊ नये आणि बहुतेक न्यायाधीश देतही नाहीत. अमुक तारखेला काय घडले, मुलाला कोणत्या रुग्णालयात नेले, पोलीस ठाण्यात एनसी नोंदवली का, शाळेच्या हजेरीत किती खाडे आहेत, धमकीचे संदेश कोणते, हे कागद बोलतात. दहा वर्षांच्या संसाराची सगळी गाऱ्हाणी अर्जात ओतली की मागच्या आठवड्यातली खरी धोक्याची घटना विसाव्या पानावर गाडली जाते.

अनेकांना वाटते की पोलिसांत गेले की मूल परत मिळेल. अमरावतीच्या एका आईने तीन वर्षांच्या मुलाला वडिलांनी नेल्याबद्दल अपहरणाचा गुन्हा नोंदवला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. वडील हे नैसर्गिक पालक आहेत आणि सक्षम न्यायालयाचा मनाई आदेश नसेल तर स्वतःचे मूल नेल्याबद्दल त्यांच्यावर अपहरणाचा गुन्हा लागत नाही, असे खंडपीठाने म्हटले. कायद्याच्या चौकटीत हे बरोबर आहे. पण याचा व्यवहारातला अर्थ असा की अंतरिम आदेश हातात येईपर्यंत मूल नेणाऱ्याला कोणी अडवू शकत नाही. ज्या कागदावर सगळे अवलंबून आहे, तोच कागद मिळायला मुदत नाही.

मग लोक उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसकडे, म्हणजे व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करण्याच्या याचिकेकडे वळतात. हा अपवादात्मक उपाय आहे, मुलाच्या ताब्याचा तपशीलवार निवाडा पालक व पाल्य कायद्याखालीच व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितले. त्यात घटस्फोट नव्हता. आई २०१८ मध्ये कर्करोगाने गेली होती, वडील मध्यंतरी गंभीर आजारी होते आणि चिमुकली मावश्यांकडे वाढत होती. मुंबई उच्च न्यायालयाने मुलगी वडिलांना दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. आईच्या निधनापासून एका वर्षाच्या आत दोन्ही न्यायालयांचे निकाल लागले. मनात आणले तर न्यायालये झपाट्याने चालू शकतात. पण वरच्या न्यायालयात वकील देणे ज्यांना परवडते त्यांनाच तो वेग मिळावा आणि तालुक्याच्या गावातल्या आईने किंवा बापाने तारखा मोजत बसावे, हे योग्य नाही.

एकतर्फी आदेशाची दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने पाहायला हवी. लैंगिक अत्याचारासारखा आरोप कधी खरा असतो, कधी नसतो. खरा असेल तर मुलाला त्या पालकाजवळ एक तासही ठेवता कामा नये. खोटा असेल तर निरपराध पालकाची आणि मुलाची ताटातूट वर्षानुवर्षे चालू राहते. दोन्ही शक्यतांत तातडीने तपासणी करणे हाच एक मार्ग उरतो. आरोप नुसता लोंबकळत ठेवल्याने कोणत्याही मुलाचे रक्षण झालेले नाही.

कॅलिफोर्नियात हजारो मराठी कुटुंबे राहतात. तिथला कौटुंबिक कायदा या बाबतीत नेमका आहे. मुलाला तत्काळ इजा होण्याचा किंवा राज्याबाहेर नेले जाण्याचा धोका दाखवल्याशिवाय ताब्याचा एकतर्फी आदेश देऊ नये आणि दिला तर साधारण २० दिवसांत, फार तर २५ दिवसांत, दोन्ही बाजूंची सुनावणी ठेवावी. इंग्लंडच्या १९८९ च्या बालक कायद्याने तर पहिल्याच कलमात लिहून ठेवले आहे की मुलाच्या संगोपनाचा प्रश्न ठरवण्यातला विलंब मुलाच्या हिताला बाधक ठरण्याची शक्यता आहे, असे धरूनच न्यायालयाने चालावे. आपल्याकडे हे तत्त्व निकालपत्रांत सापडते, पण ज्या कायद्यावर रोजच्या तारखा पडतात त्यात ते नाही.

ताब्याचा निकाल लांबला तरी भेट लांबू नये, ही यातली सर्वांत सहज करता येण्याजोगी सुधारणा आहे. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ताबा एका पालकाकडे असला तरी दुसऱ्याला भेटीचा हक्क मिळाला पाहिजे आणि प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तर रोज थोडा वेळ व्हिडिओ कॉलवर बोलण्याची सोय असावी. आज महाराष्ट्रातल्या कुटुंब न्यायालयांत हे त्या त्या न्यायाधीशांच्या संवेदनशीलतेवर सोडलेले आहे. न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत खेळण्यांच्या ढिगाशेजारी आई किंवा बाप मुलाशी पुन्हा ओळख करून घेताना पाहिले की कळते, मधल्या आठ महिन्यांत एकदाही भेट झाली नसेल तर पहिला अर्धा तास मूल तोंड फिरवून बसते. समुपदेशक जिवापाड प्रयत्न करतात. त्यांच्याकडे प्रकरण पहिल्या आठवड्यात आले असते तर हे काम कितीतरी सोपे झाले असते.

न्यायमूर्ती ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने मे २०१५ मध्ये आपला २५७ वा अहवाल पालकत्व आणि ताब्याच्या कायद्यांवरच दिला आणि संयुक्त ताब्याचा पर्याय कायद्यात आणण्याची शिफारस केली. तो अहवाल दहा वर्षांनंतरही कायद्यात उतरलेला नाही. संसदेची वाट पाहायची तर आणखी एक पिढी शाळेतून बाहेर पडेल. वाट पाहण्याची गरजही नाही. पोटगीच्या बाबतीत नागपूरच्या एका दाम्पत्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये उत्पन्न व मालमत्तेच्या शपथपत्राचे नमुने ठरवून दिले आणि अंतरिम पोटगीचा अर्ज चार ते सहा महिन्यांत संपवण्यास सांगितले. २०१३ मध्ये सुरू झालेला अंतरिम पोटगीचा वाद तोवर चालूच होता, ही गोष्ट न्यायालयाला खुपली होती. तसाच ठरावीक नमुना ताब्याच्या अर्जासाठीही करता येईल: मूल सध्या कोठे आहे, कधीपासून, शाळा व डॉक्टर कोणते, दोन्ही पालकांच्या कामाच्या वेळा, घरी आणखी कोण, धोका असेल तर नेमका कोणता आणि त्याचा पुरावा काय. दोन्ही बाजूंनी हे दोन पानांत सांगितले तर ‘से’साठी महिन्या-महिन्याची मुदत मागायला कारणच राहणार नाही.

कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम २१ ने उच्च न्यायालयांना नियम करण्याचा अधिकार दिला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने त्याचा वापर करून अंतरिम ताबा आणि भेटीच्या अर्जाची पहिली सुनावणी दाखल झाल्यापासून सात दिवसांत ठेवावी. एकतर्फी आदेश दिला असेल तर तीन आठवड्यांत समोरच्याला ऐकावे. धोक्याचा ठोस आरोप नसेल तिथे पहिल्याच तारखेला भेटीचा वार आणि वेळ ठरवून द्यावी, नाकारायची असेल तर कारण लिहावे. आणि मूल परस्पर नेऊन ठेवलेल्या काळात ते तिथे रुळले, एवढ्याच मुद्द्यावर ताबा कायम करू नये. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवा कायदा लागत नाही. शाळांचे प्रवेश जूनमध्ये होतात आणि न्यायालयाची उन्हाळी सुट्टी त्याच्या आधी सुरू होते. निदान एप्रिलअखेरपर्यंत दाखल झालेले असे अर्ज सुट्टीपूर्वी ऐकले जातील एवढी व्यवस्था तर एका परिपत्रकानेही होऊ शकते.