डेमलोची संख्या

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून निघालेली आगगाडी परळ, दादर मागे टाकीत कल्याणच्या दिशेने धावते, तेव्हा सुमारे तीस मैलांवर डोंबिवली लागते. द. रा. कापरेकर यांनी या स्थानकाचा उल्लेख 'डेमलो' असा केला. तेथे त्यांना संख्यांच्या एका कुलाची कल्पना सुचली, आणि त्या कुलाचे नाव 'डेमलो संख्या' असे पडले. कापरेकर १९३० ते १९६२ पर्यंत देवळालीस शाळामास्तर होते. त्यांचे संशोधन कित्येक विद्वानांनी हसण्यावारी नेले. अशा संख्यांचा उपयोग काय, हा प्रश्न आजही गिरगावातल्या घराघरांत पालक विचारतात.

या कुलातील एक सुंदर संख्या १२३४५६७८९८७६५४३२१ ही होय. तिच्यात सतरा अंक आहेत. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील स्थाननामांप्रमाणे तिचा पहिला एक 'मध्य' या स्थानी बसतो. त्यापुढे 'परार्ध' तेवढे उरते. ती उलट वाचली तरी तीच राहते. ती १११११११११ या संख्येचा वर्ग आहे.

एवढे सांगून 'काय हा चमत्कार!' म्हणत थांबणारे लोक मुलांचे नुकसान करतात. चमत्कार येथे नाहीच. मुंबईत एके काळी लोकलला नऊ डबे असत. तशा नऊ गाड्या शेजारशेजारच्या नऊ रुळांवर उभ्या आहेत आणि प्रत्येक गाडी आधीच्या गाडीहून एक डबा पुढे आहे, असे समजावे. आता एका ओळीत किती डबे येतात ते मोजीत जावे: एक, दोन, तीन असे नऊपर्यंत चढत जाऊन पुन्हा एकापर्यंत उतरावे लागते. हातच्या गुणाकारात एकमेकांखाली सरकवून मांडलेल्या नऊ ओळी म्हणजे याच गाड्या. एकूण डबे ८१. म्हणून या संख्येतील अंकांची बेरीजही ८१. आणि गंमत अशी, की ८१ ने तिला निःशेष भागही जातो.

बाजारातील साध्या गणकयंत्रावर हे दिसत नाही. त्याच्या पट्टीवर सतरा अंक मावत नाहीत. शेपटाकडचे अंक गळून जातात. लालबागच्या चाळीतील मुलाजवळ पाटी आणि पेन्सिल असली, की त्याला ते सारे अंक मिळतात. कापरेकरांनी मोठी पदवी वा प्रयोगशाळा हाताशी नसता आयुष्यभर काम केले, ते अशाच साधनांनी. त्या कामास खेळ म्हणावयाचे तर खुशाल म्हणावे. मात्र कारण शोधल्याशिवाय तो खेळ पुरा होत नाही.

नऊ उदाहरणे जुळली म्हणून दहावे जुळेलच, असे मात्र धरून चालू नये. दहा एकांच्या संख्येचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो. डौल मोडला, आठ नाहीसा झाला! मधल्या ओळीत दहा डबे आले, त्यांतून हातचा एक निघाला. तो शेजारच्या नवात मिळताच तेथूनही आणखी एक हातचा निघाला, आणि पुढच्या आठाचा नऊ झाला. डबे शंभर, परंतु अंकांची बेरीज ८२. कमी पडलेले १८ कोठे गेले? दहाच्या जागी एक लिहिला, की बेरजेतून नऊ जातात. हातचे दोनदा आले, म्हणून अठरा गेले.

अकरा एकांच्या संख्येत १२१ डबे असतात, आणि तेथे हातचे चारदा येतात. अंकांची बेरीज किती यावी, हे गुणाकार मांडण्यापूर्वीच सांगता येते. मग तो मांडून पाहावा.