शाळेबाहेरच्या मुलांचे काय?
ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरातील शाळेत चिमुकल्यांवर झालेल्या लैंगिक अत्याचाराची तक्रार नोंदवण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले. लोक रुळांवर उतरले, मग विशेष तपास पथक नेमले गेले. पुढे चर्चा झाली ती शाळांची. क्रीडा मंडळे, खासगी क्लास, उन्हाळी शिबिरे यांचे काय? तिथे प्रशिक्षक बहुधा ओळखीवर ठेवला जातो. पोलीस पडताळणी कोण मागतो? मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 'पोक्सो' कायद्यानुसार अत्याचाराची माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. तरी 'संस्थेची बदनामी नको' म्हणत प्रकरण मिटवले जाते. हे संतापजनक आहे. कर्मचाऱ्यांची पडताळणी दाखवल्याशिवाय आणि १०९८ हा बालमदत क्रमांक मुलांना दिसेल असा लावल्याशिवाय पालिकांनी कोणत्याही शिबिराला मैदान देऊ नये.