विश्लेषण : वेठबिगारीतून सुटलेले मूल शाळेत का टिकत नाही?

सप्टेंबर २०२२. इगतपुरी तालुक्यातील एका कातकरी वस्तीवरच्या दहा वर्षांच्या मुलीचा नाशिकमध्ये उपचार सुरू असताना मृत्यू झाला. त्यातून शेजारच्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात मेंढपाळांकडे आदिवासी मुले वेठबिगार म्हणून राबत असल्याचे उघड झाले. पुढच्याच महिन्यात त्याच तालुक्यातील दरेवाडीची शाळकरी मुले ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या’ अशी मागणी करत नाशिक जिल्हा परिषदेवर धडकली. त्यांच्या वस्तीवरची शाळा बंद करण्यात आली होती. पहिली बातमी गुन्ह्याची म्हणून छापून आली, दुसरी आंदोलनाची म्हणून. पण बालमजुरीतून मूल बाहेर काढणे आणि ते बाहेर राहील अशी व्यवस्था करणे, या एकाच प्रश्नाच्या त्या दोन बाजू आहेत.

प्रकरण नेमके काय होते?

या मुलीला मेंढ्या वळण्यासाठी नगर जिल्ह्यात नेण्यात आले होते. ऑगस्टच्या अखेरीस तिला गंभीर अवस्थेत तिच्या झोपडीबाहेर सोडून देण्यात आल्याचा आरोप आहे. काही दिवसांत ती दगावली. श्रमजीवी संघटनेने हे प्रकरण लावून धरल्यावर आणखी मुलांची नावे पुढे आली आणि नाशिक व नगर या दोन्ही जिल्ह्यांत गुन्हे दाखल झाले. काही हजार रुपये आणि एखादी मेंढी, असा हा व्यवहार असल्याचे समोर आले.

मुले ‘विकली’ गेली, असे तेव्हा सगळीकडे म्हटले गेले. मथळ्यासाठी हा शब्द सोयीचा आहे, पण तो सगळा दोष आई-बापाच्या पदरात टाकून मोकळा होतो. प्रत्यक्षात इथे चालते ती उचल.

उचल म्हणजे काय?

कामाआधी हातात पडणारी आगाऊ रक्कम. ऊसतोडीत, वीटभट्टीवर, कोळसा पाडण्याच्या कामात मजुरांची भरती याच पद्धतीने होते. पावसाळ्यात हाताला काम नसते, घरातले धान्य संपत आलेले असते, कोणी तरी आजारी पडते. अशा वेळी मुकादम किंवा मालक पैसे देतो. दिवाळीनंतर ते कुटुंब त्याच्या कामावर जाते आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत राबून ते फेडते. हिशेबाची वही मालकाकडे असते. त्यामुळे किती फिटले आणि किती उरले, हे तोच सांगतो. उरलेली बाकी पुढच्या हंगामावर चढते.

कातकरी समाजाकडे जमीन जवळपास नाही. खैराच्या झाडापासून कात काढणे हा त्यांचा मूळ व्यवसाय. जमातीचे नावही त्यावरूनच पडले. जंगलावर निर्बंध आले तसा तो व्यवसाय गेला आणि हा समाज मजुरीवर आला. कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासह केंद्र सरकारने महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींना विशेष असुरक्षित आदिवासी गटात धरले आहे, त्यात कातकरी आहेत. अनेक कुटुंबांकडे तारण ठेवायला काहीच नसते. मग घरातले मूलच तारण ठेवले जाते.

मेंढपाळाला मूलच का हवे असते, याचेही उत्तर कामाच्या स्वरूपात आहे. घाटातल्या मुसळधार पावसात मेंढी टिकत नाही. त्यामुळे पावसाळ्यात कळप नगरच्या कमी पावसाच्या भागात असतात आणि पुढे चाऱ्याच्या शोधात घाट उतरून कोकणाकडे जातात. या फिरतीत कोकरे सांभाळणे, पाणी आणणे, कळप पांगू न देणे अशी चोवीस तासांची बारीकसारीक कामे असतात. मोठ्या माणसाला त्यासाठी रोजची मजुरी द्यावी लागते. कर्जात अडकलेल्या मुलाला फक्त जेवण. मुक्काम सतत बदलत असल्याने आई-वडिलांना मूल नेमके कुठे आहे हे कळत नाही, आणि तपासणीला येणाऱ्या कामगार अधिकाऱ्याला दार ठोठवायला पत्ताही नसतो. (मेंढपाळांची स्वतःची मुलेही याच फिरतीत शाळेपासून तुटतात. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

जगभरातील चित्रही फार वेगळे नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफच्या २०२५ मधील अंदाजानुसार जगात १३.८ कोटी मुले बालमजुरीत आहेत आणि त्यातली ६१ टक्के शेती व तिच्याशी निगडित कामांत. बालमजूर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चहाच्या टपरीवरचा मुलगा येतो. पण बहुतांश मुले शहराच्या नजरेबाहेर आहेत.

कायदा कमी पडतो का?

कागदावर तरी नाही. बालकामगार कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवणे हा दखलपात्र गुन्हा आहे. सहा महिने ते दोन वर्षे कैद आणि २० ते ५० हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. अपवाद दोनच : शाळेची वेळ सोडून किंवा सुटीत स्वतःच्या कुटुंबाच्या कामात केलेली मदत, आणि बालकलाकार. पहिल्या गुन्ह्यात आई-वडिलांना सहसा शिक्षा होत नाही. ही तरतूद वस्त्यांवर कोणी समजावून सांगत नाही. ‘आपल्यालाच आत टाकतील’ या भीतीने तक्रारच होत नाही.

उचलीचा मुद्दा आला की याहून जुना कायदा लागू होतो : वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा, १९७६. त्यानुसार असे कर्ज आपोआप रद्द ठरते. मजुराने काही सिद्ध करायचे नसते. हे वेठबिगारीचे कर्ज नव्हते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर असते. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेले काम ही सक्तीची मजुरीच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या एशियाड मजुरांच्या खटल्यात म्हटले होते. आदिवासी मुलाच्या बाबतीत ॲट्रॉसिटी कायदाही लावता येतो. एवढ्या कडक कायद्यात दंडाची रक्कम मात्र आजही १९७६ ची आहे : जास्तीत जास्त दोन हजार रुपये. कैद तीन वर्षांपर्यंत.

घोडे नेमके कुठे अडते?

एका कागदावर. त्याचे नाव मुक्तीचा दाखला.

मुलाची सुटका झाल्यावर महसूल प्रशासनाने, म्हणजे व्यवहारात प्रांताधिकाऱ्यांनी, चौकशी करून हे मूल वेठबिगार होते असा दाखला द्यायचा असतो. तो मिळाला तरच कर्ज अधिकृतपणे संपते आणि केंद्राच्या पुनर्वसन योजनेचे दार उघडते. दाखल्याशिवाय मुलगा घरी येतो तो बाकी डोक्यावर घेऊनच. मालक वसुलीला येतो, आणि महिनाभरात तो मुलगा किंवा त्याची धाकटी बहीण पुन्हा कामावर जाते. सुटकेच्या दिवशीचे फोटो मात्र छापून आलेले असतात.

दाखला देताना अधिकारी कचरतात, कारण तालुक्यात वेठबिगार सापडला हे लेखी मान्य करावे लागते. मग प्रकरण नुसते ‘बालकामगार’ म्हणून नोंदवले जाते. ही नोंद खोटी नसते, पण ती उचलीला हात लावत नाही.

पैशांचे गणितही पाहण्यासारखे आहे. केंद्राच्या योजनेत सुटका झालेल्या मुलासाठी दोन लाख रुपयांची तरतूद आहे. त्यातले सव्वा लाख त्याच्या नावे ठेव म्हणून आणि ७५ हजार बँक खात्यात. पण ही मुख्य रक्कम आरोपीच्या दोषसिद्धीशी जोडलेली आहे. सुटकेनंतर लगेच मिळते ती ३० हजार रुपयांपर्यंतची तातडीची मदत. खटला निकाली निघायला वर्षे लागतात. दहा वर्षांचे मूल तोवर सज्ञान होऊ शकते. मदतीची खरी गरज सुटकेनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात असते आणि पैसा निकालाची वाट पाहत असतो. ही अट काढून मदत मुक्तीच्या दाखल्याशी जोडली, तर मालकाची उचल नाकारण्याची ताकद त्या घरात येईल.

तोवर हाताशी असलेला पर्याय म्हणजे बालकल्याण समिती. तिच्यामार्फत ‘मिशन वात्सल्य’मधून दरमहा चार हजार रुपयांचे प्रायोजकत्व मिळू शकते आणि त्यासाठी दोषसिद्धीची अट नाही. उत्पन्नाची आहे : ग्रामीण भागात वर्षाला ७२ हजार रुपये. कातकरी कुटुंबांना ती अडत नाही. आधार, बँक खाते आणि जातीचा दाखला यांवर गाडी अडते. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिक शहरातच आहे, हे इथे नमूद करायला हवे.

आणि शाळा?

शिक्षण हक्क कायदा याबाबत उदार आहे. कधीच शाळेत न गेलेल्या दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत नव्हे, तर वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायचा आणि बरोबरीला आणण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचे. जन्माचा पुरावा किंवा शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पूर्वी राष्ट्रीय बालकामगार प्रकल्पातून सुटका झालेल्या मुलांसाठी विशेष प्रशिक्षण केंद्रे चालत. मुलांना दरमहा विद्यावेतन मिळे. १९८८ साली सुरू झालेला हा प्रकल्प २०२१ मध्ये समग्र शिक्षा अभियानात विलीन झाला. त्यामुळे आता सगळा भार नेहमीच्या शाळेवर आहे, म्हणजे पाड्यावरच्या एक-दोन शिक्षकांवर. घरात कातकरी बोली बोलणारे, दोन वर्षे मेंढ्यांमागे काढलेले मूल थेट पाचवीच्या बाकावर बसते, तेव्हा त्याच्यासाठी स्वतंत्र वेळ कोण काढणार?

त्यात शाळाच उठली तर?

दरेवाडी हे भाम धरणाशी निगडित गाव. पुनर्वसनाच्या घोळात वस्तीवरची शाळा बंद केली गेली आणि मुलांनी दुसरीकडे जावे, असे ठरले. मुलांनी उत्तर म्हणून बकऱ्या मागितल्या. त्या मागणीत उपरोध होता, पण अतिशयोक्ती नव्हती. शाळा नसेल तर मूल दिवसभर काय करते, हे त्या भागात सर्वांना ठाऊक आहे. प्रशासनाला आंदोलनाची दखल घ्यावी लागली.

पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, राज्य सरकारने कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार पुढे आणला. २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळा राज्यात १४ हजार ७८३, आणि त्यात शिकणारी मुले सुमारे १ लाख ८५ हजार. शहरातून पाहिले तर हा हिशेब पटतो : मोठी शाळा, अधिक शिक्षक, चांगली प्रयोगशाळा. पण डोंगरातल्या वस्तीवर शाळा केवळ शिकण्याची जागा नसते. मूल चार दिवस दिसले नाही हे ज्याच्या लक्षात येते आणि जो घरी जाऊन विचारतो, असा तिथला एकमेव सरकारी माणूस म्हणजे शिक्षक. शाळा पाच किलोमीटर दूर गेली की गैरहजेरी हा फक्त हजेरीपटावरचा एक शेरा होतो.

द्राक्षबागांतील मुलांचे काय?

नाशिकचे दुसरे चित्र याहून सौम्य, म्हणून अधिक दुर्लक्षित आहे. पेठ, सुरगाणा भागांतील आदिवासी कुटुंबे हंगामात दिंडोरी, निफाडच्या द्राक्षपट्ट्यात मजुरीला येतात. सोबतची थोरली मुलगी बागेत काम करतेच असे नाही. ती धाकट्या भावंडाला सांभाळते, चूल पेटवते. कायद्याच्या व्याख्येत ती बालकामगार नाही. शाळेत मात्र तिचे नाव फक्त पटावर उरते. हंगामी वसतिगृह आणि शिक्षण हमी पत्रक या योजना अशाच मुलांसाठी आहेत. पहिलीमुळे मूल गावातच राहू शकते, दुसरीमुळे स्थलांतराच्या ठिकाणच्या शाळेत त्याला सामावून घेता येते. दोन्हींचा उपयोग कुटुंब गाव सोडण्याआधी नाव नोंदवले गेले तरच होतो.

कुठेही मूल कामावर दिसल्यास १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर चोवीस तास कळवता येते. केंद्राच्या ‘पेन्सिल’ पोर्टलवरही तक्रार करण्याची सोय आहे. तक्रारीत उचलीचा उल्लेख जरूर करावा, म्हणजे चौकशी वेठबिगारीच्या अंगानेही होऊ शकते.

आता वेळापत्रकाचा मुद्दा. २०२२ मध्ये राज्याने शाळाबाह्य मुलांच्या शोधासाठी ‘मिशन झिरो ड्रॉपआऊट’ राबवले, ते ५ ते २० जुलै या काळात. भट्टीवर आणि तोडीवर जाणारी कुटुंबे तेव्हा घरीच असतात, त्यामुळे मूल पटावर सापडते. स्थलांतर सुरू होते ते दिवाळीच्या सुटीत, शिक्षकही गावाला गेलेले असताना. सुटी संपून शाळा भरते त्या आठवड्यात वर्गातल्या रिकाम्या जागा मोजल्या, तर कोणत्या घराने पावसाळ्यात उचल घेतली होती, हे हजेरीपटावरूनच कळू शकेल.